वीसपैकी आठ

असल्फा, घाटकोपर
शनिवार, ११ जानेवारी २०२५

फ्रेडाबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडताच बाजूला टाकलं असेल, तर विषयच संपला. फोडलं असेल तर निदान पहिलं पान वाचा. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय. दोन वर्षं झाली, माझे मेसेज एका टिकवर उभे आहेत. म्हणून पोस्टाचं तिकीट लावलं. असल्फ्यापासून तुमचा मरोळ नाका म्हणजे मेट्रोची दोन स्टेशनं, आणि मी पत्र पाठवतेय! विशाल हसला मला. "अगं, चालत गेलीस तरी पत्राच्या आधी पोचशील," म्हणाला. नवऱ्याला काय जातंय बोलायला.

यंदा नववी ब चं गणित माझ्याकडे आलंय. तुम्ही सातवीत अर्ध्यावर सोडून गेलात, तोच वर्ग. सोडून गेलात असं मी तरी म्हणू नये, मला माहितीये. बावन्न मुलं आहेत. तुमचं नाव अजून निघतं. कुणी एका गणितावर फार वेळ अडकलं की मागून आवाज येतो, "काय रे, फ्रेडाबाईंचा तास आहे काय?"

आता कामाचं सांगते. सोमवारी चुरी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मुख्याध्यापक तेच, खुर्ची तीच, फक्त गेटवरचा बॅनर मोठा झालाय. दहावीचा निकाल सलग चौथ्या वर्षी शंभर टक्के. सर म्हणाले, "खिल्लारे मॅडम, ही नववी कच्ची आहे. वार्षिकचा पेपर कडक काढा. दर्जा राहिला पाहिजे." मी मान हलवली. मग म्हणाले, "सात जण गाळले की पुढच्या वर्षीची काळजी नाही."

गाळले म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. नववीत आपटलेल्या मुलाच्या आईबापाला बोलवायचं, अर्जावर सही घ्यायची, शाळेचा दाखला हातात द्यायचा आणि सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावीला बसवा. बाहेरून बसलेलं पोर आपल्या निकालात धरत नाहीत. मग ते पास झालं काय आणि घरी बसलं काय, बॅनर शाबूत.

कडक तर तुम्हीही होतात. पेपरातला पाचवा प्रश्न, पुस्तकाबाहेरचा, डोकं लावायला लावणारा, आम्ही सगळे मुलांना सांगतो की सोडा तो, तीन मार्कांसाठी वेळ घालवू नका. तुमच्या वर्गात तो सोडायची सोय नव्हती. सगळ्यात मागच्या बाकावरच्यानेही तो करायचा. मग तुमच्या कडकपणात आणि सरांच्या कडकपणात फरक काय, ते मला नीट सांगता येत नाहीये. पण आहे, एवढं कळतं.

तुमची ती तपकिरी कव्हरची गणितांची वही मिळेल का? झेरॉक्स काढून परत करीन. पेपर कडक काढायचाच आहे तर त्या सात जणांना तो झेपेल असं शिकवायचं, असं डोक्यात आलंय. ते सात कोण, ते मला माहीत नाही. सर ठरवतील.

तुमची,
संघमित्रा


रविवार, २ फेब्रुवारी

फ्रेडाबाई,

वही नाही आली, पण पोस्टकार्ड आलं. मी ते शाळेच्या गेटवरच वाचलं आणि पर्समध्ये घातलं आणि पुन्हा काढून वाचलं. वर नाव नाही, खाली सही नाही. फक्त एवढंच: "श्रुतिका पवार तुझ्या वर्गात असेल. तिचं गणित कसं आहे?"

आहे ना, माझ्याच वर्गात आहे. बरी आहे. मधली म्हणा. बोलत नाही फारशी, वही मात्र इतकी स्वच्छ ठेवते की इतर मुली तिचीच नेऊन उतरवतात. आई, लताताई, अजून साकीनाक्याच्या गारमेंटमध्ये धागे कापायच्या कामाला आहेत. एकंदरीत ठीक चाललंय तिचं.

मी जादा तास सुरू केलाय. सकाळी सव्वासहाला, शाळा भरायच्या आधी पाऊण तास. सरांना सांगितलं, कच्च्या मुलांसाठी उजळणी घेते. ते खूश झाले. फळ्यावर एकच गणित लिहायचं, आणि आज नाही आलं तर उद्या तेच. तुमच्यासारखं. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, "बाई, हे आयएमपी आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग परीक्षेत येणार का?" माहीत नाही. "मग करायचं कशाला?" झालं! पंधरा मिनिटांत वाट लागली माझी.

आणि खरी अडचण त्यांची नाहीच, माझी आहे. मला गप्प बसवत नाही. मुलं फळ्याकडे बघत बसतात, वर्गात शांतता होते आणि मला घाम फुटतो. वाटतं, यांना येत नाही म्हणजे मलाच शिकवता येत नाही, आत्ता कुणीतरी दारातून डोकावेल. तिसऱ्या मिनिटाला मी उत्तर सांगून मोकळी होते. मुलं उतरवून घेतात, मी शाब्बास म्हणते. कुणाला शाब्बास म्हणते कोण जाणे! तुम्ही चार-चार दिवस गप्प कशा राहायचात? भीती नाही वाटायची?

पोर्शन मागे पडतोय. भूमितीचे दोन धडे बाकी आहेत. एका पालकांनी वहीत लाल पेनाने लिहून पाठवलं, "कृपया सिलॅबसकडे लक्ष द्यावे." पण बंद नाही केलेला तास.

संघमित्रा


रविवार, १६ फेब्रुवारी

फ्रेडाबाई,

मागच्या पत्रात मी तुम्हाला धडधडीत खोटं लिहिलं. त्याच्या आधीच्याही.

सात जण सरांनी नाही ठरवले. सरांनी कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, वर्ग तुमचा, नावं तुम्हीच लिहा. मी लिहिली. जानेवारीतच, तुम्हाला पहिलं पत्र टाकायच्या आधी. चौथं नाव श्रुतिका पवार. सहामाहीला तिला चाळीसपैकी नऊ पडले होते. पेपर निम्मा कोरा. ती एकाच गणिताला धरून बसते आणि वेळ संपतो. मी म्हटलं, नऊ म्हणजे नऊ, आपण काय करणार.

आणि गेल्या सोमवारी अंतर्गत गुणांचा तक्ता भरून दिला. ऐंशी गुण लेखी आणि वीस आपल्या हातातले, वहीचे, गृहपाठाचे, तोंडीचे. सगळ्या पोरांना आपण सोळा-अठरा देतोच. सर म्हणाले, "त्या सात जणांना आठच्या वर जाऊ नका. नाहीतर पस्तीसला पोचतील." मी सात वेळा आठ लिहिलं. शाईने. खाली सही केली. हात थरथरला असं लिहिलं असतं तर जरा बरं दिसलं असतं, पण नाही थरथरला. चहा पीत भरला मी तक्ता. श्रुतिकाची वही त्याच टेबलावर होती, तपासलेली, आणि तिच्यावर मीच "उत्तम" लिहिलेलं होतं.

तुम्ही तिचंच नाव का विचारलंत? पोस्टकार्ड आलं तेव्हा आठ लिहायचे बाकी होते, बाई. आठ दिवस हातात होते माझ्या. कार्ड पर्समध्ये ठेवून मी आठ लिहिले.

आता एकच रस्ता दिसतो. आठ मिळूनही पास व्हायचं तर तिला लेखीत सत्तावीस लागतील. कडक पेपरात सत्तावीस. सातही जणांना तेवढे पडले पाहिजेत. तक्ता बदलायची माझी छाती नाही, म्हणून पोरांनीच तो खोटा पाडावा असं मला वाटतंय. किती नीच आहे हे, लिहिताना कळतंय मला.

संघमित्रा


रविवार, ९ मार्च

फ्रेडाबाई,

तुमचं उत्तर नाही. बरोबर आहे. मी लिहितेच आहे.

परवा सकाळी जादा तासाला मी स्कूटरवाल्या बांधतात तसा रुमाल तोंडाला बांधून बसले. खरंच. म्हटलं बोलायचंच नाही. मुलं खिदळली, मग कंटाळली, मग एकेक करून वहीत घुसली. वीस मिनिटं गेली. मला वाटलं जीव जातो आता. आणि मागून श्रुतिका उठली, फळ्याशी आली आणि गणिताची पहिली पायरी लिहून परत जाऊन बसली. दुसरी पायरी काल. तिसरी सोमवारी लिहीन म्हणाली. मी तिला घाई नाही केली. पहिल्यांदाच नाही केली.

तास संपल्यावर ती थांबली. म्हणाली, "बाई, एक विचारू? सातवीत ते रेघेचं गणित होतं ना, ते चौथ्या दिवशी आलं होतं मला."

मी म्हटलं, कुठलं?

मला माहीत होतं कुठलं. चौकटीच्या वहीवर सहा घरं लांब आणि चार घरं रुंद आयत काढायचा. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सरळ रेघ मारायची. रेघ किती घरांतून जाते? मोजून सगळ्यांनी आठ सांगितलं. मग तुम्ही विचारलंत, अठ्ठेचाळीस घरं लांब आणि छत्तीस रुंद असेल तर? एवढा आयत काढता येत नाही, मोजता येत नाही. श्रुतिका फळ्यासमोर उभी राहिली. तुम्ही तिला खाली बसायला सांगत होतात, तीच बसत नव्हती. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन रडली. तिसऱ्या दिवशी लताताई शाळेत आल्या, की बाई पोरीला फळ्यासमोर उभं करतात. लेखी तक्रार झाली. चौकशी बसली.

चौथ्या दिवशीही मी तुमच्या वर्गात मागच्या बाकावर होते. नवीन शिक्षिका म्हणून तो आठवडाभर पाठ बघायला बसवलं होतं मला. श्रुतिकाने खडू घेतला आणि म्हणाली, लांबी अधिक रुंदी, आणि रेघ जितक्या वेळा घरांच्या कोपऱ्यातून जाते तेवढे वजा, म्हणजे मसावि वजा. अठ्ठेचाळीस अधिक छत्तीस वजा बारा. बहात्तर. तुम्ही खुर्चीवर बसलात आणि चष्मा पुसत राहिलात. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

आणि चौकशीत मी लिहून दिलं, "मुले फ्रेडाबाईंच्या तासाला घाबरतात. एका मुलीला सलग चार दिवस एकाच गणितासाठी फळ्यासमोर उभे केल्याचे मी पाहिले." चौथ्या दिवशी काय झालं ते लिहिलं नाही. कायम करायची माझी फाइल चुरी सरांच्या टेबलावर होती. सर म्हणाले नव्हते की असं लिहा. त्यांनी फाइल फक्त समोर ठेवली होती, उघडी.

तुम्ही तो कागद वाचलात आणि राजीनामा दिलात. माझ्याशी एक शब्दही बोलला नाहीत. शिव्या दिल्या असत्यात तर मी कुठेतरी ठेवल्या तरी असत्या.

श्रुतिका म्हणाली, "घरी सांगायचं होतं मला, पण आई तुमचं नाव काढलं की चिडायची. म्हणजे फ्रेडाबाईंचं. आणि शाळेत कुणी विचारलंच नाही." मग म्हणाली, "तुम्ही होतात ना मागे?"

मी म्हटलं, हो. आणि तिला वर्गात पिटाळलं.

संघमित्रा


रविवार, २० एप्रिल

फ्रेडाबाई,

ईस्टरच्या शुभेच्छा द्यायचा मला हक्क नाही, तरी देते. आज तुमच्याकडे पाहुणे असतील. हे पत्र उद्या-परवा पोचेल, घाई नाही. घाई आहे खरं तर. निकाल दोन मेला.

पेपर झाले. पाचवा प्रश्न मी खरंच अवघड काढला. श्रुतिकाने दोन्ही पेपरांत पाचवा पूर्ण सोडवला. वर्गात आणखी दोघांनाच जमला, तेही पहिल्या बाकावरचे. तिचं उत्तर तपासताना मी दोनदा उठून पाणी प्यायले. इतकं नेटकं उत्तर, बाई! बाजूला छोटी आकृतीसुद्धा. पण पहिला प्रश्न, तो सोपा, पर्याय निवडायचा, तो अर्धा कोरा. भूमितीच्या शेवटच्या धड्यावरचं काहीच नाही, कारण तो धडा मी शिकवलाच नाही. वेळ उरला नाही. जादा तासाच्या नादात मी पोर्शन बुडवला, आणि ज्या पोरांच्या घरी क्लास नाही, गाइड नाही, त्यांचाच बुडाला. तुमची नक्कल केली आणि निम्मीच केली. तुम्ही पोर्शनही पुरा करायचात, हे मी विसरले होते.

लेखीत तिला पंचवीस. अधिक आठ. तेहेतीस. दोन गुणांनी गेली.

मी परत परत बेरीज केली. सातपैकी तिघं सुटले, चौघं अडकले. बाकीच्या तिघांबद्दल वाद घालता येईल. हिच्याबद्दल नाही. हिच्या वहीला, गृहपाठाला कुठल्याही शाळेत सतरा मिळाले असते. ती पेपरात नाही नापास झाली, माझ्या आठने झाली.

सरांकडे गेले. म्हटलं, अंतर्गत गुण पुन्हा भरायचेत, सातही जणांचे. वह्या बरोबर नेल्या होत्या.

"का?"

"चुकीचे दिलेत मी."

"चुकून?"

"नाही, सर."

सरांनी तक्ता काढला आणि माझ्याकडे वळवला. "सही कुणाची आहे?" शांतपणे विचारलं. "मॅडम, खाडाखोड झाली की चौकशी लागते. चौकशी सहीवाल्याची होते. मी कुठेही लिहून दिलेलं नाही. विचार करा. तुमचं घर चालतंय, शाळा चालतेय. पोरगी बाहेरून बसेल, तिचं काय बिघडणारे?"

वह्या तशाच उचलून परत आणल्या मी. विशालला सांगितलं तर तो म्हणाला, "नोकरी गेली तर?" मी म्हटलं, मला काय माहीत. मला उत्तर येत नव्हतं आणि सांगायला कुणी नव्हतं. बारा दिवस आहेत.

संघमित्रा


शनिवार, ३ मे

फ्रेडाबाई,

काल झालं. जसं झालं तसं लिहिते.

चार पालकांना अकराला हॉलमध्ये बोलावलं होतं. टेबलावर चार छापील अर्ज. "मी स्वखुशीने माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला घेत आहे." खाली रेघ, सहीसाठी. लताताई गारमेंटमधून हाफ डे टाकून आल्या होत्या, ओढणीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. श्रुतिका बाजूला उभी, मान खाली.

चुरी सर गोड बोलत होते. "पोरीवर ताण नको. सतरा नंबरने बसवा, घरी आरामात अभ्यास करेल. आमचा दर्जा जरा कडक आहे, तिला झेपत नाही. यात तिचा काही दोष नाही."

लताताईंनी पेन घेतलं. सही कुठे करायची ते शोधत होत्या.

मी उभी राहिले. म्हटलं, "लताताई, सही करू नका."

"मॅडम, बसा," सर म्हणाले.

"श्रुतिका नापास नाही झालेली. मी केलीय. वीसपैकी सतरा द्यायचे होते, मी आठ दिले. मुद्दाम. तुमच्या मुलांनाही तसेच दिले," मी बाकीच्या तिघांकडे बघून म्हटलं. "सरांनी सांगितलं, मी दिले. सही माझी आहे. वह्या माझ्याकडे आहेत, हव्या तर बघा."

मग मला थांबताच आलं नाही. मी सातवीतलंही सांगून टाकलं. की श्रुतिकाला फ्रेडाबाईंनी उभं केलं नव्हतं, तीच बसत नव्हती. की चौथ्या दिवशी तिला ते गणित आलं. मी डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून देताना गाळलं.

लताताई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, हात उचलतील. उचलला असता तरी चाललं असतं.

त्या म्हणाल्या, "ओ बाई, तुम्ही शिकलेल्या माणसांनी माझ्या पोरीला दोनदा ढ ठरवलंत. आणि दोन्ही वेळेला पेन माझ्याच हातात दिलंत."

मग श्रुतिकाकडे वळल्या. "आलं होतं तुला?"

श्रुतिकाने मान हलवली.

"मग बोललीस का नाही गं, भवाने?" असं म्हणून त्यांनी तिला जवळ ओढलं आणि सगळ्यांसमोर रडायला लागल्या. पेन टेबलावर ठेवलं. शेजारचे रिक्षावाले काका, त्यांचा मुलगाही त्या चौघांत होता, त्यांनी अर्जाची घडी घालून खिशात टाकली. म्हणाले, हा कागद वर दाखवायला लागेल. सर उठून केबिनमध्ये गेले.

मी शिक्षण निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहिलाय, सातही नावं, दिलेले गुण आणि द्यायला हवे होते ते गुण. सातवीच्या चौकशीबद्दल दुसरा, वेगळा. दोन्हींच्या प्रती या पाकिटात आहेत. दुसरा तुमचा आहे. तुम्हाला त्याचा आता काही उपयोग नसेल, तरी तुमच्याकडे असू दे.

संघमित्रा


शनिवार, २१ जून

फ्रेडाबाई,

शाळा सोमवारी उघडली. श्रुतिका दहावीत आहे. पंचवीस आणि सतरा, बेचाळीस. वरून कुणी यायच्या आत सरांनीच गुपचूप तक्ता नवा करून घेतला. दाखला कुणालाच दिला नाही.

मला नोटीस आली. विद्यार्थ्यांना खोटे गुण दिल्याबद्दल खुलासा करावा. नोटीस एकट्या माझ्याच नावे. मी खुलाशात सगळं खरं लिहिलंय. जुलैत चौकशी आहे. काय होईल ते सांगता येत नाही. तोवर मला पाचवी दिलीय, परिसर अभ्यास आणि कार्यानुभव. गणित नाही. दहावीच्या मजल्यावर जायचं नाही, असं तोंडी सांगितलंय.

दहावीचं गणित सरांनी स्वतःकडे घेतलंय. पहिल्याच दिवशी वर्गाला सांगितलं, "पाचव्या प्रश्नाकडे बघायचंसुद्धा नाही. पहिले चार पक्के करा, रट्टा मारा, शाळेचं नाव राखा." मला हे श्रुतिकाने सांगितलं. मधल्या सुट्टीत पाचवीच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं, जा बाई, मला तुझ्याशी बोलायची बंदी आहे. ती म्हणाली, "एवढंच सांगा, पाचवा कुणाकडे शिकू?"

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही, तिच्या हातात देतेय. उद्या रविवार. तुम्ही चर्चमधून आल्यावर, अकराच्या सुमारास ती तुमच्याकडे येईल. लताताईंना विचारलंय. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. मी पण येऊन माफी मागीन कधीतरी. आधी पोरगी जाऊ दे." तिला फक्त पाचवा नका शिकवू, बाई. सोपे प्रश्नही करून घ्या, वेळेत. तिथेच ती अडकते, आणि तिथे मी तिला अडकवून ठेवलंय.

मी तिला सांगितलं होतं, माझं नाव काढू नकोस, नाहीतर दार उघडणार नाहीत. ती म्हणाली, "पत्र तुमचंच आहे ना? मग कसं नाही काढणार?" बरोबर आहे तिचं.

मला माफ करा असं मी यातल्या एकाही पत्रात लिहिलेलं नाही. आजही लिहीत नाही. दार माझ्यावर लावलंयत ते लावलेलंच ठेवा. तिच्यावर नका लावू.

संघमित्रा


मरोळ नाका
रविवार, २२ जून

फ्रेडाबाई,

हे पाठवायचं नाही बहुतेक. हात रिकामा ठेवला तर नखं खाते, म्हणून लिहितेय.

पोरीला एकटी कशी पाठवू, म्हणून मेट्रोने बरोबर आले. स्टेशनच्या जिन्याखाली शहाळीवाल्याशेजारी उभी आहे. तुमच्या गावठाणात मी येणार नाही, असं तिला आधीच सांगितलं. ती अकराला पाच कमी असताना गल्लीत वळली. छातीशी वही धरून. मी म्हटलं, दार नाही उघडलं तर लगेच परत ये, मी इथेच आहे, रडायचं नाही.

सव्वाअकरा. आता येईल. दार उघडून पत्र बघितलं असेल आणि बंद केलं असेल.

साडेअकरा. रस्ता चुकली की काय? गल्ल्या सगळ्या सारख्याच दिसतात. तिच्याकडे फोन नाही, मीच द्यायला हवा होता. डोकं नाही मला. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. शहाळीवाला विचारतो, "मॅडम, कुणाची वाट बघताय?" म्हटलं, विद्यार्थिनीची.

बारा. लताताईंचा फोन आला. "पोचली का?" मी म्हटलं, पोचली असेल. "म्हणजे?" म्हटलं, परत नाही आलेली अजून.

लताताई म्हणाल्या, "मग बसली असंल की ओ, बाई."

साडेबारा. ऊन झालंय. मी दुसरं शहाळं घेतलं.

एक वाजून गेला. श्रुतिका अजून परत आलेली नाही.